सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार मुळात कुठली, हे कसं ओळखायचं?

नागपुरात जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला निघाली की तिच्यासोबत एक कहाणीही येते. मामा जहाजावर होते, काकांनी दुबईहून आणली, सदरमधल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची होती, "ओरिजनल अमेरिकन आहे भाऊ". कहाणी खरी असू शकते, पण ती किमतीत धरू नये. गिटार कुठे बनली, साधारण कधी बनली आणि तिच्यात मूळचं किती उरलंय, हे लाकूड, स्क्रू, रंग आणि वायरिंग बघून बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर कॅलिपर, मल्टिमीटर, टॉर्च आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा एवढं पुरतं. वेळ मात्र दीड-दोन तास हाताशी ठेवावा. विकणारा घाई करत असेल तर तिथेच थांबलेलं बरं.

आधी इथल्या गिटारींची एक खोड समजून घ्यायला हवी. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी गिटारी दुकानांतून कमी आणि माणसांच्या सामानातून जास्त आल्या. सुटे भाग तर मिळतच नव्हते. पॉट (आवाज-टोन कमी-जास्त करणारा नॉबखालचा भाग) गेला की रेडिओचा बसवायचा, ट्युनिंग की तुटली की कोलकात्याच्या गिटारची लावायची, रंग उडाला की गाड्यांच्या गॅरेजमधून फवारा मारून आणायचा. त्यामुळे अस्सल परदेशी गिटारीतही चार देशी भाग सापडतात आणि देशी गिटारीवर परदेशी नाव चिकटवलेलं सापडतं. म्हणून एका खुणेवरून निकाल देता येत नाही. जुनी गाडी घेताना आपण नंबर प्लेटवर विसंबत नाही, चेसिस नंबर बघतो. गिटारीतही तेच करायचं: सहज बदलता येतं ते शेवटी मोजायचं, आणि बदलायला सुतारकाम लागतं ते आधी.

सहज बदलणारे भाग म्हणजे हेडस्टॉकवरचा (की बसतात त्या टोकावरचा) लोगो, नॉब, की, पिकगार्ड, पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि नेक जोडणारी चार स्क्रूंची मागची पाटी. सहज न बदलणारे म्हणजे बॉडीतले कोरीव खण, नेकचा सांधा, मूळ भोकांची मापं, स्केल लेंग्थ (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) आणि नेकच्या टाचेवरच्या, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरच्या खुणा. यांचं एकमेकांशी जमलं तर निकालावर भरवसा ठेवता येतो.

तारा काढायच्या आधीची मापं

नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) याच्या आतल्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३२४ मिमीच्या आसपास आलं तर स्केल ६४८ मिमी, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीचं साडेपंचवीस इंच. ३१४ आलं तर ६२८ मिमी, म्हणजे गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातलं. नटपासून थेट ब्रिजपर्यंत मोजू नका. सूर जुळावा म्हणून सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) मागे सरकवलेले असतात, त्यामुळे माप चुकतं. हे आकडे दोन्हींशी जुळत नसतील तर ती जपानी, युरोपी किंवा देशी असण्याची शक्यता वाढते. जुळले म्हणून मात्र ती अमेरिकन ठरत नाही, कारण नकलाही याच मापांवर बनल्या.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) मॉडेलच्या आकाराची, सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो (दांड्याने हलणाऱ्या) ब्रिजची गिटार असेल तर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर घ्या. जुन्या अमेरिकन पद्धतीत ते ५६.४ मिमी असतं, स्वस्त आशियाई गिटारीत बहुधा ५२.५ मिमीच्या आसपास. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही भोकं बॉडीच्या लाकडात आहेत. बदलायची तर जुनी बुजवून नवी पाडावी लागतात, आणि बुजवलेलं भोक ब्रिजखाली टॉर्च मारला की दिसतं. त्याच बैठकीत बॉडीची जाडीही घ्या. फेंडरची स्ट्रॅट ४४-४५ मिमी असते. चाळीसच्या आसपासची असेल तर सावध व्हा.

गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या आकाराच्या गिटारीत पहिला प्रश्न नेकचा. गिब्सन लेस पॉलचा नेक सरसाने चिकटवलेला असतो. मागे चार स्क्रूंची पाटी असेल तर ती गिब्सन नाही, हे जवळजवळ नक्की. १९७०च्या दशकातल्या मराउडर, एस-१ अशा मोजक्या गिब्सन मॉडेलचा तेवढा अपवाद. ट्रस रॉडच्या (नेकच्या आत वाक सांभाळणाऱ्या सळईच्या) झाकणाकडेही बघा. गिब्सनचं झाकण दोन स्क्रूंचं असतं, तीन स्क्रूंचं झाकण एपिफोन किंवा जपानी गिटारीकडे बोट दाखवतं. झाकण बदलून दोन स्क्रूंचं लावलं तरी तिसरं भोक खाली राहतंच.

नंबर वाचताना

सिरिअल नंबर उपयोगी असतो, पण त्याची पद्धत माहीत असेल तरच. गिब्सनने १९७७पासून आठ आकडी नंबर वापरला. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला दिवस आणि शेवटचे तीन म्हणजे त्या दिवसाचा क्रमांक. ८२०११५२० वाचायचा तर वर्ष ८१, दिवस २०१, म्हणजे २० जुलै १९८१, आणि ५२० हा आकडा ५००च्या पुढचा असल्यामुळे कारखाना नॅशव्हिल. त्या काळात ५००च्या खालचे आकडे कॅलमझू इथल्या गिब्सनच्या जुन्या कारखान्याचे असायचे. तो कारखाना १९८४मध्ये बंद झाला. यातूनच नकली नंबर पकडायची सोपी युक्ती मिळते: दिवसाचा आकडा ३६६च्या वर गेला तर नंबर बनावट. फक्त १९९४चे नंबर शताब्दीनिमित्त ९४ने सुरू होतात, त्यांना हा नियम लावू नका. जुन्या मॉडेलच्या पुनर्निर्मितीचे नंबरही वेगळ्या पद्धतीचे असतात. १९६०च्या दशकातल्या गिब्सनचे नंबर तर पुन्हा पुन्हा वापरलेले आहेत, तिथे नुसत्या नंबरावरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

फेंडरचा नंबर १९७६पर्यंत मागच्या पाटीवर असायचा आणि पाटी चार स्क्रू काढले की सुटते. एका गिटारची पाटी दुसरीवर गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. १९७६नंतर नंबर हेडस्टॉकवर आला. सुरुवातीचं अक्षर एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं; पुढचा आकडा वर्षाचा. पण छापील स्टिकर उरले की पुढच्या वर्षीही वापरायचे, म्हणून एक-दोन वर्षांचा फरक धरून चालावं. एम आणि एन मिळून असेल तर मेक्सिको, नव्वदचं दशक. जेव्ही असेल तर जपान, १९८२ ते १९८४. या जेव्ही मालिकेला मागणी फार आहे, म्हणून तिची बनावट अक्षरंही फिरतात.

आयबानेझच्या जपानी गिटारीत १९७५पासून एक अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दोन आकडे वर्षाचे. एफ७८४५२१ म्हणजे जून १९७८. गंमत अशी की १९८७पासून पद्धत बदलली आणि एफ हे अक्षर फुजिजेन कारखान्याचं झालं, त्यापुढे वर्षाचा एकच आकडा. म्हणजे हाच नंबर १९८७चाही असू शकतो. निवाडा गिटारच्या बांधणीवरून करायचा, नंबरावरून नाही.

नेक काढून बघणं

स्क्रूंनी जोडलेल्या नेकमध्ये सगळ्यात जास्त माहिती दडलेली असते, आणि बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. चिकटवलेल्या नेकला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून टाका.

तारा एकदम तोडू नका. सगळ्या थोड्या थोड्या सैल करत पूर्ण ढिल्या करा. गिटार पालथी घालून मऊ कापडावर ठेवा, नेकखाली उशी द्या. चारही स्क्रू एकेक फेरा करत आळीपाळीने सोडवा. जपानी स्क्रूच्या डोक्यावरचा चौकडा साध्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळा असतो, कधी कधी डोक्यावर एक बारीक टिंबही असतं. त्यावर साधा फिलिप्स घट्ट दाबला नाही तर तो घसरतो आणि चौकडा खराब होतो. टिंब दिसलं तर तीही एक खूण लिहून ठेवा. स्क्रू निघाले तरी नेक कधी रंगाने चिकटून बसलेला असतो. ओढून काढू नका, बॉडी धरून नेक हलकेच वर-खाली हलवा.

आता टाच बघा. १९६२च्या आसपासपासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फेंडरवर शाईचा शिक्का असतो. त्यात आधी एक आकडा, मग महिन्याची तीन अक्षरं, मग वर्ष, मग एक अक्षर. "२ मार ६५ बी" असं दिसलं की लोक २ मार्च १९६५ वाचतात. ते चूक आहे. पहिला आकडा मॉडेलचा, २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर; तारीख फक्त मार्च १९६५ इतकीच; आणि शेवटचं बी म्हणजे नटची रुंदी, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, सुमारे ४१.३ मिमी. मग नटवर कॅलिपर लावा. शिक्का बी म्हणतोय आणि नट ४३ मिमीचा आहे, तर शिक्का तरी खोटा किंवा नेक तरी दुसऱ्याचा. १९६२आधी तारीख पेन्सिलने लिहायचे. आणि ही तारीख नेकची असते, गिटारची नाही. गिटार त्यानंतर काही महिन्यांनी जोडलेली असू शकते.

टाचेवर इंग्रजीऐवजी जपानी अक्षरं, निळ्या शाईतले आकडे किंवा तपासनिसाचा छोटा गोल शिक्का असेल तर प्रश्न मिटला. काहीच नसेल तर खणात बघा. नेक बसतो त्या खणाच्या कडांवर लाकडाचे आडवे-उभे थर दिसले तर बॉडी प्लायवुडची आहे. १९७०च्या दशकातल्या अनेक स्वस्त जपानी आणि नंतरच्या कोरियन गिटारी अशाच बनल्या. कडा गोलसर, एकसारख्या गुळगुळीत असतील तर खण मशीनने कोरलाय. छिन्नीचे घाव असतील तर एकतर ती पूर्ण हातकामाची किंवा नंतर कोणीतरी जागा वाढवलेली. घावांवर मूळ रंग चढलेला आहे का, हे बघितलं की त्यातलं कोणतं ते कळतं: रंगाखालचे घाव मूळचे, कोरडं लाकूड दिसत असेल तर नंतरचे.

पोटातलं वायरिंग

पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडा आणि पॉटच्या पाठीवरचा किंवा कडेवरचा कोरलेला आकडा शोधा. अमेरिकन पॉटवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७६३३ म्हणजे सीटीएस, १९७६, ३३वा आठवडा. पन्नाशीच्या दशकात वर्षाचा एकच आकडा असायचा. आठवड्याचा आकडा ५३च्या वर गेला तर तुम्ही नंबर चुकीचा वाचताय.

या आकड्याचा अर्थ एवढाच की गिटार त्या तारखेआधीची नाही. नंतरची असू शकते, कधी बरीच नंतरची: फेंडरने १९६६मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि ते पॉट पुढची काही वर्षं गिटारींत लागत राहिले. म्हणून १९६९च्या गिटारीत १९६६चा पॉट सापडला तर घाबरू नका. उलट १९६५ची म्हणून विकलेल्या गिटारीत १९७८चे पॉट असतील आणि सोल्डर जुना वाटत असेल, तर गिटारच १९७८नंतरची आहे.

सोल्डर बघायची रीत सोपी आहे. एकदाच झालेला सांधा आटोपशीर असतो. पुन्हा तापवलेल्या सांध्याभोवती जळका तपकिरी फ्लक्स, दोन रंगांचे थर आणि गठ्ठा दिसतो. पॉट बदलला असेल तर बॉडीतलं किंवा पिकगार्डमधलं भोकही मोजा. अमेरिकन पॉटच्या गळ्याला साडेनऊ मिमीचं भोक लागतं, आशियाई पॉटला सात-आठ. आठ मिमीचं भोक कानसून मोठं केलेलं, कडा ओबडधोबड असतील, तर गिटार आशियाई आणि पॉट नंतर आलेत.

पिकअपचा रोध मोजायचा तर केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, एकच पिकअप निवडा आणि प्लगच्या टोकावर मल्टिमीटर धरा. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा हजार ओहम, गिब्सनचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) सात ते साडेआठ हजार. नागपुरात इथे एक चूक हमखास होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना सहा हजार दाखवणारा पिकअप मेच्या दुपारी ४५ अंशांना जवळजवळ साडेसहा हजार दाखवेल. कोणीतरी "हा जास्त वेढ्यांचा खास पिकअप" म्हणून भाव वाढवत असेल, तर संध्याकाळी कूलरच्या खोलीत तासभर ठेवून पुन्हा मोजा. आणि रोधावरून देश कळत नाही. पिकअप जिवंत आहे का आणि तिन्ही एका जातीचे आहेत का, एवढंच कळतं.

रंग आणि आपला उन्हाळा

गिब्सनचा रंग नायट्रोसेल्युलोजचा, फेंडरचाही १९६८च्या सुमारापर्यंत. त्यानंतर फेंडरवर जाड पॉलिएस्टर आलं. सत्तरच्या दशकातल्या जपानी गिटारीही बहुतेक पॉलीच्या. जुना नायट्रो बारीक रेषांनी तडकतो, पॉलीचे टवके उडतात. अंधाऱ्या खोलीत नोटांचा दिवा फिरवला की जुना नायट्रो हिरवट-पिवळा उजळतो, आणि ज्या जागी नंतर रंग मारलाय तो ठिपका वेगळा पडतो. हेडस्टॉकवर लोगोभोवतीच चौकोनी वेगळा तुकडा दिसला तर लोगो नंतरचा. ॲसिटोन लावून बघायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, नायट्रो विरघळतो आणि मूळ रंगाचं मोल जातं.

तडे आणि बाहेर आलेली फ्रेटची टोकं बघून वय ठरवू नये. इथे मे महिन्यात हवा कोरडी होऊन लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात. जुलैत तेच लाकूड फुगतं. असे काही उन्हाळे काढलेली दहा वर्षांची गिटारही तीस वर्षांची दिसते.

घराणी

जपानमध्ये मात्सुमोकु, फुजिजेन, टोकाई, कावाई, गुयातोन ही मोठी नावं. एकच कारखाना अनेक नावांनी गिटारी बनवायचा: फुजिजेनमधून आयबानेझ आणि ग्रेको, मात्सुमोकुमधून एरिया प्रो टू, वेस्टोन आणि सत्तरच्या दशकातल्या एपिफोन. मात्सुमोकु १९८७मध्ये बंद झाला. टेइस्को १९६७मध्ये कावाईने घेतली. तिच्या गिटारी ओळखू येतात त्या प्रत्येक पिकअपला वेगळं बटण, पट्ट्यांचं धातूचं पिकगार्ड आणि सोनेरी पत्र्याचे पिकअप यांवरून. "लॉसूट" म्हणून चढा भाव सांगणाऱ्यांना नम्रपणे विचारा, कोणता खटला? जून १९७७मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी वितरकाविरुद्ध हेडस्टॉकच्या आकारावरून केलेला एक खटला, तो पुढच्या वर्षी समेटाने संपला. बाकी सगळ्या जपानी नकलांना हा शब्द लावणं म्हणजे निव्वळ विक्रीची भाषा.

कोरियन गिटारींत सॅमिक आणि कॉर्ट ही नावं महत्त्वाची. एपिफोनच्या नंबरात सुरुवातीचं एस अक्षर सॅमिकचं. पूर्व युरोपातल्या, म्हणजे झेक जोलाना, पूर्व जर्मनीची मुसिमा किंवा रशियन उराल, यांच्या बाबतीत नेहमीच्या जाड जॅकऐवजी तीन किंवा पाच पिनांचं गोल डिन सॉकेट दिसू शकतं. ते कोणी बदललं असेल तरी गोल भोक आणि दोन स्क्रूंच्या खुणा राहतात. नटच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट असेल तर ती बहुधा युरोपी किंवा साठच्या दशकातली जपानी.

देशी गिटारी हलक्यात घेऊ नयेत. कोलकात्यात गिव्हसनसारख्या नावांनी वर्षानुवर्षं गिटारी बनल्या, आणि बऱ्याच जुन्या इलेक्ट्रिक गिटारी तिथे हवाईयन वाजवण्यासाठी होत्या. नट उंच, तारा फ्रेटपासून आठ-दहा मिमी वर, हीच ती. कोणी नट खाली करून तिला साधी बनवली असेल तर नटचा खण वेगळा दिसतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: १९८०च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने स्क्वायर टू आणि सन मस्टँग या नावांच्या काही गिटारी भारतातच बनवून घेतल्या. हेडस्टॉकवर "मेड इन इंडिया" दिसलं म्हणून ती नकली समजून टाकून देऊ नका. ही खरी फेंडरची गिटार आहे, फक्त महागडी नाही.

एक उदाहरण लावून बघू

समजा काळी, लेस पॉलच्या आकाराची गिटार, हेडस्टॉकवर गिब्सन, किंमत त्याच हिशोबाने. नट ते १२वा फ्रेट ३१४ मिमी, हे जुळतं. मागे चार स्क्रूंची पाटी, त्यावर "स्टील ॲडजस्टेबल नेक" आणि "जपान". ट्रस रॉडच्या झाकणाखाली तिसरं भोक. दिव्याखाली लोगोभोवती वेगळा चौकोन. खणात प्लायवुडचे थर. पॉटवर अमेरिकन आकडा नाही, भोकं आठ मिमीची. इथे विरुद्ध साक्ष एकच, आणि तीही नकलांत नेहमी जुळणारी. निकाल: सत्तरच्या दशकातली जपानी नक्कल, लोगो नंतरचा. कारखाना सांगता येत नाही, कारण ही पाटी अनेकांनी वापरली. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलंय असंही नाही. लोगो त्याच्याही आधीच्या मालकाने लावला असेल. जपानी नक्कल म्हणून योग्य किमतीत मिळत असेल, नेक सरळ असेल, तर घ्यायला हरकत नाही. अशा कितीतरी गिटारी वाजायला उत्तम असतात.

बंद करण्याआधी टाच, नेकचा खण, पॉटचे आकडे आणि पिकअपची पाठ यांचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. नेक आणि बॉडीच्या मध्ये कागदाची किंवा पुठ्ठ्याची चकती असेल तर ती होती तिथेच परत ठेवा, नाहीतर तारांची उंची बिघडते. स्क्रू लाकडातल्या जुन्या आट्यातच बसावा म्हणून आधी उलटा फिरवा; बारीकसा खट्ट असा झटका हाताला लागला की मग आवळा. तारा सुरात आणून एक दिवस तशीच ठेवा आणि मगच नेकचा वाक तपासा. ट्रस रॉड त्याआधी फिरवला तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवावा लागतो.